चाळीस खुर्च्या आणि एक खोडलेला हिवाळा

आपटे साहेबांनी ताडपत्रीची गाठ सोडली आणि ते दोन पावलं मागे सरले. आत वेताच्या खुर्च्या होत्या, पण वेत दिसतच नव्हता. बैठकीवर, हातांवर, पाठीवर सगळीकडे काळी-हिरवी बुरशी. वास असा की माळ्यानं नाकाला रुमाल लावला.

"बोरकर, वेत कच्चा होता," साहेब म्हणाले. "त्या देवरावला यापुढे बोलवायचं नाही."

मी "हो साहेब" म्हणालो. दसरा होऊन दोन दिवस झाले होते.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये एका कंपनीचं गेस्ट हाऊस होतं आणि मी तिथे स्टोअरकीपर होतो. चमच्यापासून जनरेटरपर्यंत सगळं माझ्या ताब्यात. नागपूरची थंडी म्हणजे बाहेर बसायचे दिवस, त्यामुळे दिवाळीपासून होळीपर्यंत पाहुण्यांचा चहा, नाश्ता, डिरेक्टर लोकांच्या मीटिंगासुद्धा लॉनवर व्हायच्या. त्यासाठी या चाळीस खुर्च्या. त्यांना जपायचं ते पावसाळ्यात.

हे जपायचं काम देवरावचं. रामटेकजवळच्या एका खेड्यातला, साठीला आलेला वेतकाम करणारा मिस्त्री. मृगाच्या आधी येऊन तो खुर्च्या धुवायचा, उन्हात कडक वाळवायचा, जवसाचं तेल चोळायचा आणि गॅरेजच्या आढ्याला दोरीनं उलट्या टांगायचा. दसऱ्यानंतर त्या उतरवून तुटलेलं विणून द्यायचा. आसपासच्या दहा-बारा बंगल्यांचं काम त्याच्याकडेच होतं. सगळ्या बंगल्यांचे खानसामे एकाच पानठेल्यावर उभे राहत. आमच्याकडून त्याला काढलं ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचली असती, आणि म्हाताऱ्याचं काम संपलं असतं.

खुर्च्या कशानं सडल्या ते मला गाठ सुटली तेव्हाच कळलं होतं. तरी मी गप्प बसलो. भीती नव्हती, लाज वाटत होती.

झालं होतं असं. आपटे साहेब मे महिन्यात मॅनेजर म्हणून पुण्याहून बदलून आले. देवराव आढ्यावरून दोर टाकत होता, ते पाहून म्हणाले, "ही काय वटवाघळं आहेत टांगून ठेवायला?" मग त्यांनी हेड ऑफिसकडून आलेली एक इंग्रजी पुस्तिका काढली. बागेतलं फर्निचर हिवाळ्यात कसं सांभाळावं, याची. पुस्तिका छापलेली विलायतेत. साफ करा, वॉटरप्रूफ कापडात घट्ट गुंडाळा, बंद खोलीत ठेवा, वसंतात उघडा.

मी शहाणपणा केला. "साहेब, आपल्याकडे हिवाळ्यात तर खुर्च्या बाहेर असतात. हिवाळा खोडून पावसाळा केलं, की जमतं."

साहेब खूश. मी त्याच दुपारी मराठीत सूचनापत्र टाइप केलं. हिवाळ्याच्या जागी पावसाळा, वसंताच्या जागी दसरा, खाली माझी झोकदार सही. छाती चांगली दोन इंच फुगली होती.

देवरावनं एवढंच विचारलं, "बाबू, आत वारा कुठून लागन?"

"कागदात आहे तसं कर," मी म्हणालो. त्यानं तसं केलं.

आता तो कागद माझ्या टेबलाच्या खणात होता आणि दोष त्याच्या वेताला लागत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी देवराव नेहमीप्रमाणे विणकामाला आला. लॉनवर काढलेल्या खुर्च्या बघून तो चिडला नाही. एका बैठकीवरून बोट फिरवून ते धोतराला पुसलं.

"बाबू, अर्ध्या वाळल्या कुरड्या डब्यात भरून झाकण लावलं त काय होते, घरी बाईले इचारा."

बाईला विचारायची गरज नव्हती. मी त्याला म्हणालो, "साहेब म्हणतात, वेत कच्चा होता."

"मंग त्या दोन काहून नाई सडल्या?"

"कोणत्या दोन?"

ताडपत्री अडतीस खुर्च्यांनाच पुरली होती. उरलेल्या दोन त्यानं आपल्या रिवाजाप्रमाणे गॅरेजात टांगल्या होत्या, आणि हे मला ठाऊकच नव्हतं. स्टोअरकीपर मी! दोघांनी मिळून त्या उतरवल्या. धूळ झटकली तर खाली वेत पिवळाधमक.

त्या घेऊन आम्ही साहेबांच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी निरखून पाहिल्या. "या वेगळ्या मालाच्या असतील."

देवरावनं खुर्ची उलटी केली. बैठकीखाली हिरव्या सुताची गाठ होती. ज्या वर्षी जी खुर्ची विणली, त्या वर्षाच्या रंगाचं सूत तो खाली बांधायचा. म्हणाला, "बाहेरच्या खुर्च्याईले पाहा साहेब. हिरवी गाठ किती जागी हाय ते मोजा." साहेब खरंच उठून बाहेर गेले आणि वाकून बघत बसले. सडलेल्यांपैकी अकरा खुर्च्यांना हिरवी गाठ निघाली. वेत तोच, वर्षही तेच.

"मग चूक कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," मी म्हणालो. "कागद माझा आहे. विलायतेत ओल असते तेव्हा थंडी असते, बुरशी झोपलेली असते. आपल्याकडे ओल आणि उकाडा एकदमच येतात. मी शब्द बदलला, हवा बदलायची राहिली."

साहेबांनी हाताला लागलेली बुरशी रुमालानं पुसली. मग म्हणाले, "पुस्तिका मी काढली होती, बोरकर. अर्धी माझी."

त्या दिवसापासून साहेबांबद्दलचं माझं मत सुधारलं.

देवरावनं खुर्च्या मिठाच्या पाण्यानं घासल्या, आठ दिवस उन्हात तापवल्या. सात नव्यानं विणाव्या लागल्या. डिसेंबरात डिरेक्टर लोक त्यावर बसून संत्री खात होते आणि कोणाला काही कळलं नाही.

ते गेल्यावर साहेबांनी नवं सूचनापत्र करायला सांगितलं. या वेळी देवराव सांगत होता आणि मी टाइप करत होतो. कधी धुवायचं, किती उन्हं दाखवायची, तेल किती, जमिनीपासून किती उंच टांगायचं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "उत्तम. हे सगळ्या गेस्ट हाऊसना पाठवू. महाबळेश्वर, कोचीन, सगळीकडे."

आयुष्यात पहिल्यांदा कंपनीच्या कागदावर देवरावचं नाव येणार होतं. मला वाटलं, म्हातारा हरखून जाईल.

"नोका पाठवू साहेब," देवराव म्हणाला. "तिथला पाऊस म्या पायला नाई."

मी कागद परत मशीनवर चढवला आणि अगदी वर टाइप केलं, 'फक्त नागपूरसाठी'. पुढे पंचवीस वर्षं नोकरी केली. हातात कुठलीही सूचना आली, की ती कोणत्या गावात बसून लिहिली, ते मी आधी पाहायचो.