दोन बटणांवरचे हात

ये गं मंगल, अशी जवळ बस. डोकं दुखलं की बाम चोळतेस आणि डॉक्टरचं नाव काढलं की पळतेस, मोठी शहाणीच की नाही!

परवा दवाखान्यात बाकावर शेजारी एक माणूस होता. नाव काही विचारलं नाही. चाकणला कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर कामाला. डोक्याचा गोटा केलेला, दोन्ही तळवे मांड्यांवर घट्ट दाबून बसलेला. मेंदूत गाठ निघाली होती. आधी नुसतं डोकं दुखायचं, मग शिफ्टमध्येच फिट आली. गाठ काढली नाही तर उजवा हात जाईल, वाचाही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"हात असे का हो दाबलेत?"

"कंपनीची सवय, मावशी. दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच प्रेस खाली येते, म्हणून हात वाचतात." मग हळूच म्हणाला, "आज प्रेसखाली माझं डोकं हाय, आन् बटणं दुसऱ्याच्या हातात."

 त्याची बायको औषधं आणायला गेलेली आणि स्ट्रेचर समोर येऊन उभं. मीच त्याचे हात धरले. गारठलेले होते गं! ऑपरेशनच्या दारापर्यंत त्यानं माझे हात सोडले नाहीत.

पुढं काय झालं, ठाऊक नाही. तू कपाळ दाबलंस की तेच हात आठवतात. उद्याच दाखव, आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला तशीच इकडं ये. मी दारातच बसते.