मावशींच्या गळ्यातलं सुलतानाचं नाणं

मंडळी, सकाळचा प्रकार सांगतो.

वसईच्या पाचूबंदरला मासे घेत होतो. नेहमीच्या कोळीणमावशींच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं जुनं चांदीचं नाणं असतं, सासूनं दिलेलं. अचानक एकानं मागून दोऱ्याला हिसका दिला. दोऱ्यानं मानेला कापलं, रक्त वाहायला लागलं. मावशींनी त्याच्या मनगटात दात रुतवले. त्यानं त्यांच्या तोंडावर बुक्की हाणली. तेवढ्यात दोरा तुटला, नाणं चिखलात पडलं आणि तो पळाला.

मी नाणं उचललं. जुनी नाणी जमवतो, म्हणून अक्षरं ओळखली.

"मावशी, हे गुजरातच्या सुलतानांचं. पोर्तुगिजांआधी वसई त्यांची होती. त्यातले काही सुलतान त्यांच्याच माणसांनी मारले."

ओठातलं रक्त थुंकत त्या म्हणाल्या, "घरच्यांनीच? माझा चोर तरी परका व्हता!"

"आता हे घरी ठेवा."

"सासूनं घालायला दिलंय, ठेवायला नाय." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली, नाणं त्या जखमेवरूनच गळ्यात घातलं आणि पापलेट कापायला घेतलं.

तुम्ही त्यांना अडवलं असतं का?