मौद्याच्या दहावीचे मास्क

माझ्या आठवणीवर फार भिस्त ठेवू नका. सकाळच्या फिरण्याच्या कंपूत हे किस्से इतक्यांदा सांगून झालेत की त्यातलं घडलेलं किती आणि माझ्या पदरचं किती, याची मलाच खात्री नाही. शाळा आणि कोर्ट एकत्र आले की किस्से साचतातच, एवढं मात्र खरं.

आमच्या संस्थेच्या शाळा तीन: प्रताप नगर, कळमेश्वर आणि मौदा. कोरोनाचे नियम ठरवायला समिती नेमली आणि नावाआधी 'डॉक्टर' आहे म्हणून मला अध्यक्ष केलं. माझी पीएच.डी. मातीच्या रसायनशास्त्रात आहे, हे सांगून पाहिलं. सचिव गावंडे म्हणाले, "चालते ना!"

शाळा पुन्हा भरल्या आणि कोर्टाचा निकाल आला: मास्क नाही म्हणून कुठल्याही मुलाला वर्गाबाहेर ठेवायचं नाही. मी नवा नियम लिहिला. 'शक्यतो', 'तथापि', 'परिस्थितीनुरूप' असं सगळं त्यात होतं. गावंडेंनी वाचून चष्मा काढला. "डॉक्टरसाहेब, हे वाचून पोट्टे घरीच थांबतीन."

शेवटी एकच ओळ उरली: मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर. बैठक संपली, सगळ्यांना हायसं वाटलं.

फक्त मौद्याच्या मेश्रामबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या दहावीला इतिहास शिकवायच्या. नवरा कोरोनातून वाचला होता, पण फुप्फुसं पार कमजोर झालेली. घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होता. त्या हळूच म्हणाल्या, "वर्गातून मी घरी काही घेऊन गेली, तर ते नाही वाचणार सर."

मी चहा मागवला.

*

कळमेश्वरच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत 'मास्कशिवाय प्रवेश नाही' असं रंगवलेलं होतं. ते पुसा, असा मी फोन केला. जाऊन बघतो तर पेंटरने फक्त 'नाही' पुसलेलं! "पुरं काहून पुसायचं सर? कोर्टानं हेच तर म्हटलं."

तेवढ्यात एका आजोबांनी पाटी वाचली, नातवाच्या तोंडावरचा मास्क काढून खिशात घातला आणि मग त्याला आत सोडलं.

*

उन्हं तापली तसा प्रताप नगरातून एका पालकाचा फोन आला. मुलींची तोंडं अजून बांधलेली आहेत, मी कोर्टात जातो, म्हणाले. धावत गेलो. खरंच, सायकलवरून येणारी एकूण एक मुलगी डोळ्यांपर्यंत दुपट्ट्यात गुंडाळलेली. एकीला थांबवून विचारलं, कोणी सक्ती केली? तिने माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. "ऊन आहे ना आजोबा. तुम्ही पण बांधा."

फोन करणारे गृहस्थ नुकतेच थंड हवेच्या गावाहून बदलून आलेले निघाले.

*

नव्या सत्रात मौद्याची तक्रार आली. इतर तासांना उघड्या तोंडाने बसणारी दहावी मेश्रामबाईंच्या तासाला अख्खी मास्क लावते. बाईंनीच सक्ती केली असणार. तसं ठरलं असतं तर बाईंना वर्गावरून काढावं लागलं असतं. चौकशीला अर्थातच मी.

बाई म्हणाल्या, "मी एक शब्द बोलली नाही." मला वाटलं, घाबरून खोटं बोलताहेत. त्यांना बाहेर थांबवून मुलांना विचारलं.

"आम्हीच लावून राहिलो सर."

"काहून?"

मागच्या बाकावरचा उंच मुलगा खाली बघत म्हणाला, "बाईच्या घरी पेशंट आहे ना." सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. माझे डोळे भरून आले. सक्ती नाही, असं मी गावंडेंना तिथूनच कळवलं.

*

काही वर्षांनी तो उंच मुलगा मला औषधाच्या दुकानात, काउंटरच्या पलीकडे भेटला. मी त्या दिवसाबद्दल त्याचं कौतुक करायला लागलो, तर तो लाजला.

"खरं सांगू सर? बाकीचे सर मास्क काढाले लावत. बाई काढा म्हणतच नव्हत्या. मास्कमधून कोण बोलून राहिलं ते त्यांना समजतच नव्हतं. पुरा तास गप्पा!"

माझा स्वभाव असा की खात्री केल्याशिवाय चैन नाही. मौद्याला गेलो. दार बाईंच्या नवऱ्यानेच उघडलं. मशीन कधीच परत केली होती. बाई निवृत्त झाल्या होत्या. चहा घेताना मी अवघडत मुलाचं बोलणं सांगितलं.

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं सर," बाई म्हणाल्या. "गप्प बसा म्हटलं असतं, तर मास्क निघाले असते."