गेममधला रणगाडा आणि अप्पांची वही

मी चुका काढणारी बाई आहे. नांदेडला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. छापील प्रश्नसंचात चुकीचं उत्तर दिसलं की प्रकाशकाला पत्र लिहिल्याशिवाय मला जेवण जात नाही. माझ्या माघारी सहकारी मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. चुकीचं उत्तर पाठ करून पोरगं परीक्षेला बसलं तर मार्क त्याचे जातात, यांच्या बापाचं काय जातं?

त्यांना एक गोष्ट माहीत नाही. बेचाळिसाव्या वर्षी मी लॅपटॉपवर रणगाड्यांचा गेम खेळते. नवऱ्यापासून वेगळी झाले त्या वर्षी सुरू केला आणि तो सुटला नाही. जगभरातली माणसं तो खेळतात. आमचा प्रत्येक नटबोल्ट खरा आहे, अशी कंपनीची फुशारकी. मोठ्या, गाजलेल्या रणगाड्यांच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे, कारण त्यांच्यावर पुस्तकं आहेत. घोळ होतो तो नमुन्यांच्या बाबतीत. एक-दोनच बनवले, चालवून पाहिले आणि बासनात गुंडाळले, असे हलके रणगाडे. तिथं कागद नाही, मग उचलली जीभ लावली टाळ्याला. तोफ एकाची, गोळा दुसऱ्याचा, वेग तिसऱ्याचा.

चूक कळवायला गेमची एक चर्चेची जागा आहे. तिथला नियम कडक. दोन छापील पुरावे आणि पान क्रमांक, तरच कंपनी बदल करणार. हा नियम मला फार आवडायचा, कारण तो माझ्या स्वभावाचाच होता. याच नियमाच्या जोरावर मी कितीजणांची तोंडं बंद केली होती. माझा तिथला कायमचा वैरी म्हणजे परदेशातला कुणी एक. हलक्या रणगाड्यांचा मक्ता आपल्याकडेच आहे अशा थाटात लिहायचा आणि मला 'सर' म्हणायचा. मी त्याला कधी दुरुस्त केलं नाही, ही माझ्या आयुष्यातली एकमेव चूक असावी जी मी मुद्दाम राहू दिली.

मग गेममध्ये आपल्याकडचा एक रणगाडा आला. हलका, नमुन्यादाखल केलेला, वाळवंटात चाचण्या होऊन बंद पडलेला. एका रविवारी लातूरला अप्पांच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी तो चालवत होते. अप्पा समोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. आमचं घर उदगीरकडचं, लिंगायत, पिढीजात किराणा. सगळे भाऊबंद तराजूला चिकटले आणि अप्पा एकटेच पळून फौजेत गेले. रणगाड्यात ते लोडर होते, म्हणजे तोफेत गोळा भरणारा माणूस. एवढंच आम्हाला माहीत. एवढ्या वर्षांत कुठं होते, काय केलं, त्याचा एक शब्द घरात नाही. शाळेत 'माझे वडील' हा निबंध आला तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, "लिही, सरकारी नोकरी." मी तेच लिहिलं. बाईंनी दहापैकी चार दिले. आई आठ वर्षांपूर्वी गेली, तिलाही याहून जास्त काही माहीत नव्हतं.

तर त्या रविवारी शेंगा फोडणारा हात थांबला. अप्पा उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी तीन गोळे झाडले तोवर बघत होते.

"नाक वर केल्याबिगर गोळा जात न्हाई तिच्यात," ते म्हणाले.

मी वळून बघेपर्यंत ते चपला घालून बाहेर गेले होते.

मला एका मिनिटात सगळं कळलं. रणगाडा बुटका, आतली जागा इवलीशी, गोळा लांब. तो आडवा धरून तोफेत घालायला मागं जागाच नाही. तोफेचं तोंड वर उचललं की तिची मागची बाजू खाली जाते, तेव्हा कुठं गोळा आत सरकतो. म्हणजे दर गोळ्यानंतर तोफ वर करायची, भरायची, पुन्हा खाली आणून नेम धरायचा. गेममध्ये तोफ जागची हलत नव्हती आणि गोळे मात्र भराभर सुटत होते. अख्खा रणगाडाच खोटा होता.

जेवताना मी विचारलं, "अप्पा, नाक किती वर करायचं?"

"जेव."

"गाडी केव्हाच भंगारात गेली असंल. आता सांगितलं तर काय बिघडतं?"

"मी सही करून आलोय."

"आईला तरी सांगितलं होतं का तुम्ही?"

"न्हाई," अप्पा म्हणाले, आणि ते अभिमानानं म्हणाले. माझं डोकं फिरलं ते त्या अभिमानानं. आई जन्मभर या माणसाच्या सुट्टीची वाट बघत बसली. सुट्टीवर आला की हा माणूस खाटेची नवार आवळायचा आणि झोपायचा. तिला सांगितलं नाही याची याला फुशारकी. त्या दिवशी मला अप्पांचा राग आला, आणि तो आजचा नव्हता, निबंधापासूनचा होता.

नांदेडला परतून मी चर्चेत लिहिलं की या रणगाड्याची भरण्याची पद्धत चुकीची आहे. वैऱ्यानं पुरावा मागितला. मी लिहिलं, माझे वडील त्याच रणगाड्यात लोडर होते. त्याचं उत्तर आलं, "सर, वडील म्हणजे पुस्तक नव्हे. पान क्रमांक सांगा." खाली कितीतरी जणांनी दात काढलेले. मग देखरेख करणाऱ्यानं नियम चिकटवला आणि विषय बंद केला. माझाच लाडका नियम माझ्या तोंडावर मारला गेला, आणि वर्गात शिकवताना दोन दिवस माझं लक्ष नव्हतं.

पुढच्या रविवारी मी लातूरला आले तेव्हा अप्पा किल्लारीकडं एका लग्नाला गेले होते. लोखंडी ट्रंकेत त्यांची एक वही आहे आणि तिला हात लावायचा नाही, एवढं आईनं लहानपणी बजावलं होतं. किल्ली कोटाच्या खिशात सापडली. पंधरा मिनिटांत वही माझ्या हातात होती.

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकड्याचा शिक्का. आत अप्पांचं अक्षर, मराठीत. शिकवणारे हिंदी-इंग्रजीत शिकवायचे आणि यांच्या ध्यानात राहायचं नाही, म्हणून आपल्या बोलीत लिहून काढलेलं. 'तोफ वर. दार उघड. गोळा कुशीत घे. मूठ मिटून ढकल, बोटं न्हाई.' 'बोटं न्हाई'खाली दोन रेघा. शेजारी आतल्या जागेचं चित्र, तोफ किती वर उचलायची तेही. शेवटच्या पानावर मात्र आईचं अक्षर होतं. कॅन्टीनमधून आणायच्या सामानाची यादी, साबण, चहापत्ती, पोरीला बूट. तिच्या हातचं दुसरं काही घरात उरलेलं नाही. मी ते पाहिलं आणि पान उलटलं. मला अकरा आणि बारा नंबरची पानं हवी होती.

त्या दोन पानांचे फोटो काढले, ओळ न् ओळ इंग्रजीत करून चर्चेत टाकली आणि खाली लिहिलं, 'पान क्रमांक अकरा आणि बारा.' लिहिताना मला जी मजा आली ती मी लपवणार नाही. अर्धा तास मी जगातली सगळ्यात शहाणी बाई होते.

अर्ध्या तासानं फोटो काढून टाकले गेले आणि माझं खातं महिनाभरासाठी बंद झालं. लष्करी कागद उघडा करायची परवानगी आहे की नाही हे नक्की नसेल तर तो इथं चालत नाही, असं त्यांनी कळवलं. म्हणजे तोंडी सांगितलं तर पुरावा नाही, आणि पुरावा दिला तर गुन्हा. पण तोवर फोटो चार ठिकाणी पोचले होते. माझ्या वैऱ्यानंच ते पुढं पाठवले होते, 'सर बरोबर होते' अशी ओळ घालून.

लपवून ठेवायची माझी जात नाही. मी त्याच आठवड्यात लोहा-अहमदपूरमार्गे लातूर गाठलं आणि अप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. मला ते हवंही होतं, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं.

"कोण कोण बघितलं?" त्यांनी विचारलं.

"ते नाही सांगता येत, अप्पा."

ते उठले, दाढी केली, एवढ्या उन्हात कोट चढवला, पदकं लावली. "जळकोटला जायचंय," म्हणाले. "सुभेदार साहेबाला सांगावं लागंल." हे सुभेदार म्हणजे तेव्हाचे त्यांचे वरिष्ठ. यांनीच अप्पांकडून गप्प राहायचं वचन घेतलं होतं.

उदगीरला एसटी बदलली. अप्पांच्या मांडीवर वही, त्यावर दोन्ही हात. मी म्हणाले, "शेवटचं पान तेवढं काढून घेऊ, अप्पा. त्यावर आईचं अक्षर आहे."

"पानं मोजलेली हायेत."

"मग वही तेव्हाच जमा का नाही केली?"

 ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या पानासाठी." निदान त्याचा फोटो काढू द्या, हे माझ्या ओठावर आलं होतं. फोन पर्समधून बाहेर काढायची हिंमत झाली नाही.

सुभेदारांच्या बैठकीत शिरलो आणि समोरच्या भिंतीवर तोच रणगाडा. हातभर मोठा, काचेच्या फ्रेममध्ये, पुढं तरुण सुभेदार कमरेवर हात ठेवून उभे. अप्पांनी तिकडं पाहिलं, तरी ते ताठ उभे राहिले.

"साहेब, माझ्याकडनं वही बाहेर गेली. पोरांच्या गेममधी आली," ते म्हणाले. माझं नाव घेतलं नाही.

सुभेदार मोठ्यानं हसले. "आरं बस की. मला वाटलं काय झालं. त्या गाडीचं तर मी दर सव्वीस जानेवारीला शाळंत सांगतो. फळ्यावर काढून दाखवतो."

"नाक वर करायचं बी?"

"तेच तर पोरांना लई आवडतंय."

अप्पा खुर्चीच्या कडेवर बसले. चहा आला, त्यावर साय धरली, त्यांनी कपाला हात लावला नाही. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुमीच म्हणला होता साहेब, बायकोला बी सांगायचं न्हाई."

"म्हणलो आसंन. तवा म्हणावंच लागायचं." सुभेदारांनी हात पुढं केला. "आण ती वही इकडं. शाळंत दाखवायला कामाला येईल."

अप्पांनी वही दिली. मी "शेवटचं पान..." म्हणाले, तेव्हा अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं की पुढचे शब्द तोंडातच राहिले. सुभेदारांनी वही चाळली, शेवटच्या पानावर थांबले, "ह्यो काय किराणा?" म्हणून पुन्हा हसले आणि ती टीव्हीवर ठेवली. मला त्यांच्या टीव्हीसकट ते घर पेटवून द्यावंसं वाटलं. पण वही ट्रंकेतून काढणारा हात सुभेदारांचा नव्हता.

दोन महिन्यांनी कंपनीनं गेम सुधारला. आता तो रणगाडा दर गोळ्यानंतर तोफ वर उचलतो, थांबतो, खाली आणतो. अगदी बिनचूक. जाणकार खेळाडूंचे आभारही मानलेत. मी एक गोळा झाडून पाहिला आणि लॅपटॉप मिटला.

आणि अप्पा बोलायला लागले. चौकातल्या चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडं, पिठाच्या गिरणीत. वाळूतल्या चाचण्या, आतली गरमी, बोट चिरडलेला जोडीदार, रात्रभर पुसलेले गोळे. दोन्ही हात उचलून, कुशीत गोळा घेतल्यासारखं करून दाखवतात म्हणे. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "तुमचे अप्पा लई भारी सांगत्यात हो. आम्हाला काय माहीत, एवढा मोठा माणूस शेजारी राहतोय."

मागच्या रविवारी मी फाटकातून आत आले तेव्हा ते ओट्यावर शेजारच्या काकांना काहीतरी सांगत होते. मिटलेली मूठ पुढं ढकलत होते. मला पाहिलं आणि मूठ उघडली, हात मांडीवर ठेवला. काका थोडा वेळ थांबले, मग उठून गेले.

मी पायरीवर बसले. म्हणाले, "अप्पा, मलाही सांगा की."

"तुला कशाला?" अप्पा म्हणाले. "तुझ्याकडं फोटू हाय की."