आयरिश अंगठीची उलटतपासणी

सिंगापूरच्या चांगी विमानतळाच्या दारातून बाहेर पडले आणि दमट हवेने चष्म्याच्या काचा एकदम धुरकट झाल्या. त्या काचांमधूनच मी ब्रेंडनला पहिल्यांदा पाहिलं. ताईच्या शेजारी उभा असलेला उंच, तांबूस केसांचा आयरिश माणूस. त्याने हात जोडले आणि अडखळत "जय भीम" म्हणाला. ताईने शिकवलं असणार. मी नुसतं "हॅलो" म्हटलं.

मी फिरायला आले नव्हते. ताई तिथल्या वन-नॉर्थ भागातल्या एका प्रयोगशाळेत संशोधक, ब्रेंडनही तिथलाच. दोघांना लग्न करायचं होतं. नांदेडला आमच्या आबांचा छोटा छापखाना आहे; चळवळीची पत्रकं छापत त्यांनी आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. मी अक्षरं गिरवली तीही पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. आबांचा होकार नसेल तर लग्न करणार नाही, असं ताईने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. होकार द्यायच्या आधी माणूस बघून यायला आबांनी मला पाठवलं.

ताईचा फ्लॅट यिशुनमध्ये नवव्या मजल्यावर होता. समोरच्या इमारतींच्या खिडक्यांतून बांबूच्या काठ्या बाहेर काढलेल्या आणि त्यांवर कपडे वाळत घातलेले. खाली व्हॉइड डेक (इमारतीच्या तळाची मोकळी जागा), तिथे म्हातारे पट मांडून बसायचे. सगळं स्वच्छ, सावकाश. मला ते बघायला फारशी सवड नव्हती. माझं लक्ष ब्रेंडनवर होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एमआरटीने (तिथली मेट्रो) पाया लेबारला गेलो. ब्रेंडनच्या आजीची चांदीची अंगठी ताईला सैल होत होती, ती तिथल्या दुकानात घट्ट करायला टाकलेली. काचेखाली तसलेच बरेच केल्टिक, म्हणजे जुन्या आयरिश नक्षीचे, दागिने होते. एकाच केंद्रातून निघालेली तीन वेटोळी, टोक सापडणार नाही अशी गाठ, वर्तुळ अडकवलेला क्रूस. प्रत्येकाखाली अर्थाचं कार्ड. वेटोळी म्हणजे जन्म, जीवन, मृत्यू. गाठ म्हणजे अनंत प्रेम. ब्रेंडन हसला. म्हणाला, तीन वेटोळी आमच्याकडच्या थडग्यांच्या दगडांवर क्रूस यायच्या कितीतरी आधीपासून आहेत, पण ती कोरणाऱ्यांनी अर्थ सांगून ठेवलेला नाही. कार्डं दुकानदारांनी लिहिली.

ताईच्या अंगठीचा अर्थ मात्र त्याला आजीने सांगितला होता. क्लाडा नावाच्या कोळ्यांच्या गावावरून तिला क्लाडा अंगठी म्हणतात. दोन हातांनी धरलेलं हृदय आणि वर मुकुट. हात मैत्रीचे, हृदय प्रेमाचं, मुकुट निष्ठेचा. हृदयाचं टोक मनगटाकडे असलं की घालणारीचं मन कुणावर तरी जडलेलं आहे असं समजायचं.

ताईने टोक मनगटाकडे करून ती घातली. मला फक्त मुकुट दिसला.

संध्याकाळी यिशुनच्या हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली खाण्याची अनेक छोटी दुकानं) जेवायला बसलो. ब्रेंडनने कोपी (घट्ट दुधाची कडक कॉफी) आणली आणि मी सुरुवात केली. आपल्या बोटात राजाचा मुकुट कशाला? निष्ठा कुणी कुणाशी ठेवायची? हृदय हातांत धरलंय म्हणजे बाईचं मन पुरुषाच्या ताब्यात, असंच ना? तुमच्या घरचे जमीनदार होते की कुळं? चर्चला जाता का? पगार किती, आईवडिलांना कोण सांभाळतं? तो प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देत होता. आजीच्या माणसांना राजाचं प्रेम कधीच नव्हतं, म्हणाला. ती माणसं मासे खारवायची. त्याच्या ताटातला भात गार झाला. शेजारच्या टेबलावरचे कप उचलणाऱ्या चिनी बाईने विचारलं, "इंटरव्ह्यू आ?"

ताई मला मराठीत म्हणाली, "आता त्याला चालून दाखवायला सांग."

माझे कान तापले. ताईला बघायला पाहुणे आले होते तेव्हा त्यांनी तिला चालून दाखवायला सांगितलं होतं. लंगडत नाही ना, एवढं बघायला. ती मान खाली घालून दारापर्यंत गेली आणि परत आली. मी लिहिलेलं पहिलं पत्रक त्या चालून दाखवण्यावरच होतं. आबांनी ते छापलं, मी एसटी स्टँडवर वाटलं.

ब्रेंडनने काय झालं ते विचारलं. ताईने इंग्रजीत सगळं सांगितलं.  तो उठला, कॉफीच्या दुकानापर्यंत सरळ चालत गेला, परत आला आणि विचारलं, "पास?"

ताई हसली, डोळे पुसत. मला हसता आलं नाही. माफी मागायला तोंड उघडलं, तर तोंडातून पत्रकातल्यासारखी वाक्यं यायला लागली, म्हणून गप्प बसले.

उरलेल्या दिवसांत त्यांनी मला बागा दाखवल्या, समुद्र दाखवला. ब्रेंडन पाण्याची बाटली पुढे करायचा, मी मान न उचलता घ्यायचे.

नांदेडला पोचले तेव्हा आबा मशीन बंद करून माझीच वाट बघत होते. मी वेटोळी, गाठ, मुकुट, सगळ्यांचे अर्थ सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपली ताई त्याच्याजवळ कशी असते?"

मला सांगता येईना. मी त्या बाजूला पाहिलंच नव्हतं. मग हॉकर सेंटरमधलं सगळं सांगितलं, तो चालला तेही.

आबांनी बोटांची शाई पुसली. मग त्यांनी स्वतः सिंगापूरला फोन लावला, ताईशी थोडं बोलले आणि फोन ब्रेंडनला द्यायला सांगितला. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, आमची धाकटी चुकली. आता तुम्ही नांदेडला या आणि आम्हाला बघा, पसंत पडलो तर तारीख ठरवू.

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "तो आला की तू समोर बसायचं. तो विचारेल त्याची उत्तरं द्यायची. आणि चाल म्हणाला तर चालायचं."

"हो आबा," मी म्हटलं.