गौरम्माचा तेलाचा हात

सोलापूरच्या शेळगीत कुणाच्याही घरी पाळणा हलला की पाचव्या-सहाव्या दिवशी गौरम्माला निरोप जायचा. मैंदर्गीची ही बाई लग्न होऊन सोलापुरात आली, सासूच्या हाताखाली बाळांना आंघोळ घालायला शिकली आणि अडतीस वर्षं तेच करत राहिली. सकाळी सहाला बाहेर पडायची, चार घरं उरकून अकराला परत. बाळाला लांबवलेल्या पायांवर पालथं घ्यायचं, तेलानं चोळून काढायचं, ऊन पाणी ओतायचं आणि शेवटी नाकाचा शेंडा चिमटीत धरून हळूच ओढायचा. हे नाक ओढणं म्हणजे तिचा जीव की प्राण. शाळेला निघालेल्या एखाद्या पोराकडं बोट दाखवून ती खुशाल सांगायची, "ते नाक माजं हाय." आईबापांचा त्यात काही वाटा असेल हे तिला मंजूरच नव्हतं.

बाई फटकळ. उचलली जीभ लावली टाळ्याला, असला कारभार. पण हाताला वळण असं की रडकं पोरही तिच्या पायावर पाच मिनिटांत डोळे मिटायचं, म्हणून लोक तिचं बोलणं ऐकून घ्यायचे.

त्याच गल्लीतल्या पारूबाईंची लेक चैताली पहिल्या बाळंतपणाला सांगोल्याहून माहेरी आली होती. मुलगी झाली. पावणेतीन किलोची, धडधाकट. पण वरचा ओठ डाव्या बाजूनं थेट नाकपुडीपर्यंत फाटलेला, आत हिरडीही दुभंगलेली आणि त्या बाजूचं नाक चपटं होऊन गालावर बसलेलं. पारूबाईंनी आठ दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना दारात उभं केलं नाही. ग्रहणात काय चिरलंस, काय कापलंस, असं विचारून विचारून त्यांनी लेकीला नको नको करून सोडलं होतं.

गौरम्मा आली. बाळ पायावर घेतलं, नीट बघितलं.

"यव्वा, डोळं तर बघा केवढं हायत," ती म्हणाली. "आन् तुमी रडत काय बसलाय दोघी? पाणी काढा की."

चैतालीला त्या घरात आठवड्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं ते तेव्हा.

ओठाचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना आधी दातांच्या डॉक्टरकडं पाठवलं. गौरम्मा हसली. "तोंडात एक दात न्हाई आन् दाताच्या डागदराचं काय काम गं?" पण काम होतं. वाकड्या दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टर ऋतुजांनी बाळाच्या तोंडाचं माप घेऊन अंगठ्याएवढी गुलाबी प्लेट बनवली. तिला पुढं एक बारकी दांडी, दांडीला रबर, रबराला चिकटपट्टी आणि ती पट्टी दोन्ही गालांवर ताणून चिकटवायची. प्लेट दिवसरात्र तोंडात. दिवसातून एकदा काढायची, मऊ ब्रशनं गार पाण्यात धुवायची आणि लगेच परत बसवायची. उकळत्या पाण्यात घातली तर वाकडी होऊन वाया जाणार. दर आठवड्याला डॉक्टर ती कुठं घासणार, कुठं भरणार आणि दुभंगलेली हिरडी हळूहळू जवळ येणार.

हिरडीतली फट होती अकरा मिलिमीटर. बाळ चार महिन्यांचं व्हायच्या आत ती पाच-सहावर आली तर ओठ नीट जुळेल, नाकही सरळ बसेल. नाही आली तर ओढूनताणून शिवायचं आणि मग पोर मोठी होईल तशी पुन्हा पुन्हा चिरफाड. डॉक्टरांनी हे चैतालीला दोनदा समजावून सांगितलं होतं.

"मावशी, तोंडाला तेल लावायचं नाही हं. पट्टी टिकत नाही," प्लेट बसवली त्याच दिवशी चैतालीनं गौरम्माला सांगितलं.

"बरं," गौरम्मा म्हणाली आणि एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलं.

तिच्या मनात काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर बाई दुष्ट वाटायची. चैताली आतल्या खोलीत बाजेवर शेक घेत पडलेली असायची. न्हाणीत गौरम्मा आणि बाळ दोघंच. ती प्लेट काढून डबीत ठेवायची, अंगठा तेलात बुडवायची आणि दोन्ही गाल मधे रेटत, ओठाच्या कडा जुळवत, चपटं नाक उचलत बसायची. चांगली पंधरा-वीस मिनिटं. एवढी नाकं आपण बसवली, हे एक बसणार नाही? प्लास्टिकच्या तुकड्याला जमतं आणि आपल्या बोटांना जमत नाही, हे तिला सोसत नव्हतं. मग तोंड पुसून, प्लेट धुऊन ती बाळ आईकडं द्यायची. गाल वरून कोरडे दिसायचे. चैताली पट्टी चिकटवायची आणि दुपारपर्यंत पट्टी सुटून रबर हनुवटीवर लोंबायचं.

पहिल्या आठवड्याला डॉक्टरांनी मोजलं, अकरा. दुसऱ्या आठवड्याला अकरा. घरी पारूबाई लेकीला बोलायच्या, "तुझंच लक्ष नाही. पोरीचं नशीब तुझ्या हातात दिलंय आणि तू झोपा काढतेस." चैताली दिवसातून चार-चारदा पट्टी बदलायची. बाळाचे गाल लालेलाल झाले.

तिसऱ्या आठवड्याला पारूबाईंचे गुडघे धरले, म्हणून बाळ धरायला गौरम्मा दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी बारीक मोजपट्टीनं मोजलं आणि कपाळाला आठी घातली.

"साडेदहा. प्लेट मधेच काढून ठेवता का?"

"नाही मॅडम."

"मग गालाला तेल, क्रीम काही?"

"नाही. मी घरात सांगून ठेवलंय."

"मग हे असं होणार नाही, चैताली. तुम्ही आई आहात, तुम्हीच लक्ष द्यायला हवं. अजून दोन आठवडे असेच गेले तर प्लेटची वाट बघण्यात अर्थ नाही. आहे तसं शिवायला सांगावं लागेल."

चैतालीनं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतलं पाणी टपटप मांडीवर पडत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. गौरम्माला मूग गिळून बसता आलं असतं. कुणी बघितलं नव्हतं, कुणी सांगणार नव्हतं. शेळगीत अडतीस वर्षांचं नाव होतं. पण त्या पोरीची खाली गेलेली मान तिला बघवेना.

"मी लावते तेल," ती म्हणाली. "रोज लावते. तिला ठावं न्हाई. मला वाटलं माज्या अंगठ्यानं जुळंल."

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "आजी, ही प्लेट चोवीस तास अगदी हळू दाब देते. तो दाब अंगठ्यानं वीस मिनिटांत भरून निघत नाही. तीन आठवडे गेले आपले."

रिक्षात चैतालीनं नुसतं बाळ आपल्याकडं ओढून घेतलं. घरी पारूबाईंनी मात्र सगळी गल्ली ऐकेल असा आवाज चढवला. "उद्यापासून पाऊल टाकू नकोस," म्हणाल्या. दोन दिवसांत आणखी दोन घरांनी गौरम्माला नको म्हणून सांगितलं. तिला फार लागलं. पण चूक आपली आहे हे तिनं स्वतःपाशी एकदाही नाकारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पारूबाईंच्या दारात उभी राहिली. येताना बेसनानं, साबणानं हात घासघासून आली होती आणि तरी डॉक्टरांच्या चिकटपट्टीचा तुकडा मागून घेऊन तिनं तो स्वतःच्या तळव्यावर दाबला. तुकडा घसरून खाली पडला.

"बघ," ती चैतालीला म्हणाली. "धुतला तरी तेलाचाच. मी पोरीला हात लावत न्हाई. तू घाल आंघुळ, मी सांगते."

"मावशी, मला भीती वाटते. घसरली तर?"

"मी हाय की हितं."

पारूबाई काही बोलणार होत्या, पण चैतालीनं बाळ उचललं आणि न्हाणीत गेली. गौरम्मा उंबऱ्यावर बसली, दोन्ही हात पदरात गुंडाळून. पाय लांब कर. मानेखाली हात घाल, न्हाई, अजून वर. पाणी कोपरानं बघ. पहिल्या दिवशी बाळाच्या कानात पाणी गेलं, बाळ किंचाळलं, गौरम्मा अर्धी उठली आणि परत खाली बसली. आंघोळ झाली, कोरड्या फडक्यानं गाल पुसले, प्लेट धुऊन बसवली.

"आता गाल नाकाकडं रेट आन् मग चिकटव. लाजू नको, जरा जोरानं," गौरम्मा म्हणाली. चैताली पट्टी इतके दिवस भीत भीत लावत होती. त्या दिवशी तिनं ती ताणून लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पट्टी जागची हलली नाही.

पण रोज तिथं नुसतं बसणं गौरम्माला जड जायचं. चैतालीचा हात कुठंतरी चुकायचा, बाळाचं नाक समोर दिसायचं, तिची बोटं पदरात वळवळायची. घरी जाऊन ती चिडचिड करायची, भांडी आपटायची. कधी कधी वाटायचं, आज जाऊच नये. तरी सकाळ झाली की ती तिथं हजर.

फट नऊवर आली. मग आठ. मग डॉक्टरांनी नाक उचलायला प्लेटला आणखी एक बारकी काडी जोडली. सात, सहा. पारूबाई परत चहा विचारायला लागल्या. बाळ सव्वातीन महिन्यांचं झालं त्या आठवड्याला चैतालीनं हट्टानं गौरम्माला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी मोजलं. परत मोजलं.

"पाच. ऑपरेशनची तारीख घेऊया," त्या म्हणाल्या आणि गौरम्माकडं वळल्या. "आजी, असं काय केलंत यावेळी?"

"काय न्हाई वो," गौरम्मा म्हणाली. "हात लावला न्हाई."

एवढं बोलली आणि तिथंच, डॉक्टरांसमोर, तोंडाला पदर लावून रडायला लागली. चैतालीनं बाळ खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं तिचा हात घट्ट धरून ठेवला.