सिनेमात नसलेली शेजारीण

कासा गावच्या बाजारात एक विक्रेता जुनी कॉमिक्स विकायचा. पुस्तक देण्याआधी पानांवरून बोट फिरवायचा, नायक सोडून बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर.

उडणाऱ्या नायकाचा सिनेमा पाहून मी त्याचं पुस्तक मागितलं. नायकाला घरात लपवणाऱ्या म्हाताऱ्या शेजारणीवर विक्रेत्याचं बोट थांबलं.

"सिनेमात ही नाहीच," मी म्हणालो.

"काढली तिला. तेव्हापासून फिकी पडतेय, सर."

मी हसलो. "शाई जुनी असेल."

"शाई सगळ्यांची एकच." त्याने पुस्तक दिलं. "हिरोला काय होत नाय. हिच्याकडे मात्र बघत जा."

परतीच्या जीपमध्ये मी ते पान उघडलं. नायकाचा झगा लालभडक होता. शेजारणीचं बाजारात फिकट दिसलेलं नाक-तोंड आता पुसलं गेलं होतं, डोळे तेवढे उरले होते. माझं गाव सरावली येईपर्यंत तिच्यावरून नजर काढून पान उलटायचं माझं धाडस झालं नाही.